आधी लेबल, मग फूल

पोरी, युरोपातल्या रानच्या पास्कफ्लॉवरची शीटं, म्हणजे कागदावर चिकटवलेले वाळवलेले नमुने, तू आता उघडशील. होमिओपॅथीमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली पल्सेटिला याच वंशातली. वाळल्यावरही तिची रेशमी लव इतकी देखणी दिसते की नजर तिथेच अडकते. तरी आधी लेबल वाचायचं.

लिनियसनं १७५३ साली हिला ॲनिमोनी वंशात घातलं होतं, म्हणून दोन्ही नावांनी शोध घे. एकाच संग्राहकाचा, एकाच क्रमांकाचा नमुना चार हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत) सापडला, तर ती नोंद एकच धर.

तारखेला फार जप. फुलोरा अलीकडे लवकर येतो का, हे आपण या शीटांवरून ताडतो, आणि तिथे चार-पाच दिवसांचा फरकही मोठा असतो. १९१८ पूर्वी रशियात जुनी दिनदर्शिका होती. लेबलवर २० एप्रिल १९०५ असेल, तर आपल्या हिशेबानं तो ३ मे. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत तेरा नव्हे, बारा दिवस मिळवायचे. मूळ तारीख मात्र जशीच्या तशी उतरवून ठेव, रूपांतर शेजारच्या रकान्यात.

ही झाडं बागेतही हौसेनं लावतात. चुनखडीचा उतार, गवताळ माळ असं लिहिलं असेल तर रानची समज. कुणाच्या बागेचा उल्लेख दिसला की बाजूला काढ.

जात ठरवायची घाई नको. फुलाखाली दांड्याला वेढून बारीक चिरलेलं, लवेनं भरलेलं कडं असतं. ती छदं, पानं नव्हेत. नवी माणसं हमखास इथे फसतात. खरी पानं बुडाशी. पेटन्स या जातीची हाताच्या पंजासारखी विभागलेली असतात, व्हल्गॅरिस या जातीची पिसासारखी. पेटन्सची पानं फुलानंतर येतात, म्हणून नुसत्या फुलाच्या शीटवर जात न लिहिता त्याच जागेचं, लांब केसाळ शेपट्यांच्या फळांचं शीट शोध. त्यावर पानं मिळतील.

प्रत्यक्ष शीट हाताळशील तेव्हा पुस्तकाच्या पानासारखं उलटू नकोस. हातमोजे घाल; कीड लागू नये म्हणून जुन्या शीटांना पाऱ्याचं विषारी औषध लावत. आधीच्या माणसानं दिलेलं नाव चुकीचं वाटलं, तरी खोडायचं नाही. आपली चिठ्ठी शेजारी लाव, नाव-तारखेसह.

आणि जिथे ही फुलं अजून तगून आहेत, तिथले अक्षांश-रेखांश उघड यादीत टाकू नकोस. मुळासकट उपटून नेणारे असतात. यादीत जिल्हा पुरे.