कात्रीला घाबरू नकोस

अगं, मागे बाग मिळाली म्हणून पहिल्याच रविवारी जिरेनियमची सहा रोपं घेऊन आलीस. चांगलं केलंस, पण आधी लेबल वाच. पुण्याला तुझ्या आईच्या गॅलरीत लाल फुलांचं जे जिरेनियम असायचं, ते खरं पेलार्गोनियम, दक्षिण आफ्रिकेकडचं. इथे इंग्लंडात पहिलं कडक दहिवर पडलं की ते काळं पडून जातं. १७८९ मध्येच जिरेनियम आणि पेलार्गोनियम यांची घरं वेगळी झाली, पण दुकानदारांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. ‘हार्डी जिरेनियम’ किंवा ‘क्रेन्सबिल’ असं लिहिलं असेल तरच वाफ्यात लाव. क्रेन्सबिल म्हणजे क्रौंचाची चोच. बी धरलं की का म्हणतात ते दिसेलच.

ही झाडं हिवाळ्यात बहुतेक जमिनीत दडी मारतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या नोव्हेंबरात ‘रोझान’ नावाच्या क्रेन्सबिलची पानं कुजलेली पाहिली, मेली म्हणून उपटली आणि कंपोस्टात टाकली. शेजारच्या आजीबाई एप्रिलपर्यंत हसत होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक ठोंबाशेजारी काडी खोचून ठेवते.

रोझान सॉमरसेटमधल्या एका बागेत सापडली, २००० साली बाजारात आली. पण तिचे आईबाप दोन्ही मूळचे हिमालयातले! जूनपासून थंडी पडेपर्यंत निळी फुलं देते. दोन रोपांत हातभर अंतर ठेव, फार पसरते. बी मात्र धरत नाही, त्यामुळे नवं रोप हवं तर ठोंब फोडायचा.

झाडाखालच्या कोरड्या सावलीत क्रेन्सबिलची मॅक्रोऱ्हायझम ही जात लाव. पान चुरडून वास घे, उग्र असतो. ओलसर सावलीला फीअम, उन्हाच्या कडेला सँग्विनियम. शेणखताचा मारा करू नकोस. नुसता पाला माजतो.

आता मुख्य गोष्ट. प्राटेन्स, फीअम, जॉन्सन्स ब्लू या क्रेन्सबिलांचा पहिला बहर जूनअखेर ओसरतो. झाड आडवं पडतं, मधोमध उघडं होतं, पानांवर पांढरी भुरी येते. तेव्हा दोन दोन फुलं वेचत बसू नकोस. सगळा झुबका एका मुठीत धर आणि पानांसकट जमिनीपासून चार बोटं ठेवून काप. खुंट पाहून जीव हळहळेल. झारीभर पाणी घाल. दोन-तीन आठवड्यांत मधून कोवळी, चुण्यांची पानं वर येतात, आणि नशीब असेल तर ऑगस्टात थोडी फुलंही. मॅक्रोऱ्हायझमचे मात्र फक्त फुलांचे दांडे काढ, पानं राहू दे.

तीन-चार वर्षांनी ठोंबाला मधे टक्कल पडतं. मार्चमध्ये कोंब दिसले की उकरून काढ, पावाच्या जुन्या सुरीने तुकडे कर, कडेचे लाव, मधला टाकून दे.

कुंडीतलं रोप अचानक मान टाकून हातात उपटून आलं, तर मातीत पांढऱ्या, वाकड्या अळ्या शोध. त्या व्हाइन वीव्हिलच्या, मुळं खातात. अळ्या वेचून काढ, मातीही बदल. गोगलगायी या झाडांच्या वाटेला सहसा जात नाहीत, तेवढं सुख आहे.

जुलैत भारतात जाणार आहेस ना? मग निघायच्या आदल्या दिवशी बहर ओसरलेले झुबके कापून जा, आणि पाण्याचं शेजारणीला सांगून ठेव. परत येशील तेव्हा वाफा हिरवा झालेला असेल.