बापाने वस्त्रे फाडली, मुलाने ग्रंथ फाडला

शास्त्रपाठ : २ राजे २२:१-२०, २३:१-३. यिर्मया ३६, २२:१३-१७.

आज्ञापालनावर आपल्या मंडळ्यांतून इतके उपदेश होतात की तो शब्द कानी पडताच पुढे काय येणार हे श्रोते आधीच ओळखतात. अब्राहाम येईल, शौल राजा येईल, योना येईल. हे पाठ चांगलेच आहेत. परंतु या महिन्यात आपण जरा कमी तुडवलेल्या वाटेने जाऊ. यरुशलेमेत अठरा वर्षांच्या अंतराने दोन वेळा देवाचे वचन राजापुढे वाचण्यात आले. पहिल्या वेळी राजा होता योशीया, दुसऱ्या वेळी त्याचाच मुलगा यहोयाकीम. वचन एकाच देवाचे, राजघराणे एकच, वाचून दाखवणाऱ्यांच्या मागे उभे असलेले चिटणिसांचे घराणेही एकच. तरी दोघांनी जे केले त्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पहिला प्रसंग योशीयाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाचा, म्हणजे इ. स. पूर्वी ६२२ च्या सुमाराचा. मंदिराची डागडुजी चालू होती. दाराशी जमा झालेला पैसा मोजून सुतार, गवंडी व इतर कारागीर यांच्या हाती द्यावा, असे राजाने सांगितले होते. आणि त्यांच्याकडे हिशेब मागू नये, कारण ती माणसे इमानाने काम करतात, असेही तेथे नमूद आहे (२२:७). या वचनावरून आपण सहसा घाईने पुढे जातो. त्याची आठवण ठेवावी, पुढे ते कामी येणार आहे.

या कामात मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो कोठे हरवला होता? परक्यांच्या मुलखात नव्हे, प्रत्यक्ष मंदिरात! यज्ञ चालू, याजक हजर, सण होत होते, आणि ग्रंथ मात्र कोठेतरी अडगळीत. शाफान चिटणिसाने राजाला आधी मजुरीच्या पैशांची हकीकत सांगितली आणि मग, जणू जाता जाता, म्हटले की याजकाने मला एक ग्रंथ दिला आहे. तो त्याने वाचला. राजाने ऐकले आणि आपली वस्त्रे फाडली.

योशीया तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ही चूक आपल्या आजोबांच्या काळची, आपण काय करणार, असे तो सहज म्हणू शकला असता, आणि ते खोटेही ठरले नसते. मनश्शेच्या काळातली घाण त्याच्या जन्माआधीची होती. पण तो तसे म्हणाला नाही. त्याने पाच जणांना हुल्दा संदेष्ट्रीकडे पाठवले. यिर्मया त्या वेळी पाच वर्षे संदेश देत होता, तरी राजाची माणसे गेली ती एका वस्त्रभांडाऱ्याच्या पत्नीकडे, हेही आपल्या भगिनीमंडळांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

हुल्देचे उत्तर कडक होते. या नगरावर अरिष्ट येणार ते येणारच; फक्त तू नम्र झालास म्हणून ते तुला तुझ्या डोळ्यांनी पाहावे लागणार नाही. आता विचार करा. शिक्षा टळणार नाही हे कळल्यावर सुधारणेचा लाभ काय? पुष्कळांनी हात टेकले असते. योशीयाने मात्र त्यानंतरच लहानथोर सर्व लोकांना मंदिरात जमवले, ग्रंथ त्यांच्यापुढे वाचला, आणि परमेश्वराशी करार केला. माझ्या मते सबंध अध्यायाचे मर्म येथे आहे. आपल्या देशात नवस सर्वांना ठाऊक आहे : माझे एवढे काम कर, मग मी तुझे एवढे करीन. आपण नवस सोडला असे म्हणतो. तरी मुलाला नोकरी लागावी म्हणून उपासनेला नियमित येणारी आणि नोकरी लागल्यावर दिसेनाशी होणारी माणसे कोणत्या मंडळीत नाहीत? योशीयाच्या आज्ञापालनात असा सौदा उरला नव्हता. देवाने सांगितले ते खरे आहे, म्हणून ते करायचे.

त्या दिवशी जमलेल्या ‘लहानथोरांत’ एक मुलगा बहुधा होता. यहोयाकीम राजा झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता असे २ राजे २३:३६ सांगते. ते वर्ष इ. स. पूर्वी ६०९. मागे मोजत गेल्यास, ग्रंथ सापडला तेव्हा तो सुमारे बारा वर्षांचा असणार. आपल्या शब्बाथशाळेतील वरच्या वर्गातील मुलांचे वय! बापाने वस्त्रे फाडली ही गोष्ट त्याच्या घरातलीच. मूर्ती जाळल्याचा धूर त्याने पाहिला असेल. तो मोठा वल्हांडण सण त्याच्या डोळ्यांदेखत झाला असेल. शिक्षकांनो, यात भिण्यासारखेही आहे आणि धीर देणारेही. चांगल्या घरात, चांगल्या काळात, उत्तम उदाहरण समोर असूनही मूल आपोआप आज्ञाधारक होत नाही.

योशीया मगिद्दो येथे मारला गेला. मिसरच्या फारो-नखोने यहोयाकीमाला गादीवर बसवले आणि शंभर किक्कार चांदी व एक किक्कार सोने खंडणी लादली. ती त्याने प्रजेवर कर बसवून वसूल केली. देश असा पिळला जात असताना राजाने स्वतःसाठी नवा वाडा बांधायला काढला. प्रशस्त खोल्या, मोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, हिंगुळाचा रंग. आणि बांधणाऱ्यांना मजुरी नाही (यिर्मया २२:१३, १४). येथे मागचे वचन आठवावे. बापाच्या गवंड्यांना पैसे मिळाले आणि त्यांच्यावर विश्वासही ठेवला गेला. मुलाच्या गवंड्यांच्या पदरी काहीच पडले नाही. यिर्मया त्याला थेट विचारतो की, तुझा बाप खातपीत होता ना? तरी त्याने न्याय केला, दीनदुबळ्यांची दाद लावली. मला ओळखणे म्हणतात ते हेच नव्हे काय, असे परमेश्वर विचारतो. देवाला ओळखण्याची ही व्याख्या आपल्या अनेक व्याख्यानांपेक्षा लहान आहे आणि फारच जड आहे.

हे ध्यानात घेऊन छत्तिसावा अध्याय वाचावा. यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी यिर्मयाने सांगितले व बारूखाने शाईने लिहून काढले. पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात उपास जाहीर झाला होता. तो इ. स. पूर्वी ६०४ चा हिवाळा. बाबेलच्या इतिहासाच्या ज्या मातीच्या पाट्या आज उपलब्ध आहेत, त्यांवरून विद्वान असे समजतात की त्याच महिन्यात नबुखद्नेस्सराने पलिष्ट्यांचे अष्कलोन नगर घेऊन उद्ध्वस्त केले. म्हणजे संकट दोन-तीन दिवसांच्या वाटेवर येऊन ठेपले होते. लोक भ्याले होते, उपास करीत होते. अशा दिवशी बारूखाने मंदिरात, शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत ती गुंडाळी मोठ्याने वाचली. १९८२ साली यरुशलेमेत दाविदाच्या नगरात उत्खनन करताना पुष्कळ मातीचे ठसे सापडले. त्यांतील एकावर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ हीच अक्षरे आहेत. हे कथेतले पात्र नव्हे, कागदपत्रांवर शिक्का मारणारा खरा माणूस होता.

सरदारांनी गुंडाळी ऐकली आणि ते घाबरून एकमेकांकडे पाहू लागले. बारूखाला त्यांनी आदराने बसवले, त्याला व यिर्मयाला लपण्याचा सल्ला दिला, आणि मग ती राजाला कळवली. राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले की लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि निखाऱ्यांवर टाकायचा, असे चालले होते. लेखनिकाचा चाकू म्हणजे बोरू तासायचा, लिहिण्याच्या कामाचा. ज्या हत्याराने वचन लिहिण्यास मदत व्हायची त्याच हत्याराने ते कापले गेले. सबंध गुंडाळी संपेपर्यंत त्याने ऐकले, हे विसरू नये. यहोयाकीमाने ऐकले नाही असे कोणी म्हणू शकत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत तो श्रोता होता.

यिर्मया ३६:२३, २४ मध्ये हिब्रू भाषेचा एक खेळ आहे, तो भाषांतरात दिसत नाही. फाडणे या अर्थाचा ‘कारा’ हा शब्द आणि वाचणे या अर्थाचा शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. तिकडे यहूदी नावाचा मनुष्य वाचतो, इकडे राजा फाडतो. पुढच्याच वचनात लिहिले आहे की कोणी भ्याले नाही, कोणी आपली वस्त्रे फाडली नाहीत. हा तोच शब्द, जो योशीयाविषयी २ राजे २२:११ मध्ये आहे. लिहिणाऱ्याला आपण बाप व मुलगा शेजारी ठेवून पाहावे असे वाटत होते, यात मला शंका नाही.

पण आपल्यापैकी थोडेच जण यहोयाकीम आहेत. पवित्र शास्त्र शेगडीत टाकणारा मनुष्य मंडळीत सापडायचा नाही. आपले चित्र पाहायचे तर त्या सरदारांत पाहावे. एलनाथान, दलाया व गमऱ्या यांनी गुंडाळी जाळू नका म्हणून राजाला विनवले, ही त्यांची शाबासकीच. परंतु एलनाथान बिन अखबोर हाच पूर्वी उरीया संदेष्ट्याला मिसरातून पकडून आणण्यास गेला होता, आणि उरीयाला तलवारीने मारण्यात आले (यिर्मया २६:२२, २३). त्याचा बाप अखबोर मात्र हुल्देकडे गेलेल्या पाचांपैकी एक होता. वचन ऐकून काळीज हलते, दोन शब्द रदबदलीचे बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम आला की निघतो. देवाच्या ग्रंथाविषयी आदर आणि देवाच्या ग्रंथाचे पालन यांमधली ही जागा फार ऐसपैस आहे. तेथे पुष्कळ माणसे आयुष्य काढतात.

ग्रंथ मंदिरात हरवण्याविषयी एक शब्द. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत, इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, आजोबांचे मराठी पवित्र शास्त्र कपाटात असते. पहिल्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा असतात. नातवंडांना शाळेत दुसरी भाषा. त्यांना ते पान वाचता येत नाही आणि आतली पानेही. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले, आणि मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच छपाईचे काम उचलले. साध्या बायामाणसांना वाचता यावे व समजावे एवढाच त्यामागचा हेतू. मुलांना मराठी शिकवावे; ते होईपर्यंत, त्यांना ज्या भाषेत कळते त्या भाषेत वाचावे. मोबाईलवर वाचले तरी चालेल. न कळणाऱ्या भाषेतील ग्रंथाला नमस्कार करून कोणी आज्ञाधारक होत नाही.

आता मजुरीकडे वळतो. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय १९:१३ मध्ये आहे. अनुवाद २४:१५ कारणही देते, की तो गरीब आहे आणि त्याचे चित्त तिच्यावर लागलेले असते. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते. या आज्ञेला कोणतेही गूढ स्पष्टीकरण लागत नाही. घरी भांडी घासणारी बाई आजारी पडली तर तिचा पैसा कापतो का? रंगाऱ्याला ‘पुढच्या आठवड्यात ये’ असे किती वेळा सांगितले? मंडळीच्या कमिटीने देवळाच्या कौलांचे काम करून घेतले, समर्पणाची उपासना झाली, फलक लागला, आणि गवंड्याचे शेवटचे बिल अजून फायलीत आहे, असे कोठे असेल तर ते येत्या प्रभुभोजनाच्या आधी चुकते करावे. वडीलजनांनी हा विषय सभेच्या कामकाजात सर्वांत वर घ्यावा. फलकाला यहोयाकीमाच्या वाड्याचा हिंगुळ लागू नये.

सिद्कीयाच्या वेळी काय झाले तेही याच दृष्टीने वाचावे (यिर्मया ३४). वेढा पडला तेव्हा लोकांनी गुलामांना मुक्त केले, आणि शत्रूचे सैन्य जरा मागे हटताच त्यांना पुन्हा धरून आणले. त्यांचे आज्ञापालन वेढ्याएवढेच टिकले.

राजाच्या शेगडीत राख झाली त्या गुंडाळीचे पुढे काय झाले? यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाने पुन्हा सर्व लिहिले, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची तिच्यात भर पडली. आपण यिर्मयाचे पुस्तक वाचतो ते त्यामुळेच. बारूखाचे नाव मुलांना फारसे माहीत नसते. एवढे सगळे हाताने दुसऱ्यांदा लिहिणारा माणूस त्यांना ओळखीचा करून द्यावा.

शिक्षकांसाठी : हा पाठ दोन रविवारांत घ्यावा, एकात घाई होते. कागदाची गुंडाळी करून वर्गात कात्रीने कापून दाखवण्याची सूचना काही जण करतात. ती टाळावी, मुलांना कात्रीच लक्षात राहते. त्याऐवजी पहिल्या रविवारी वर्गातील प्रत्येकाकडून यिर्मया ३६ मधील चार-पाच वचने सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावीत आणि ती पाने चिकटवून गुंडाळी करावी. दुसऱ्या रविवारी ती एका मुलाने उभे राहून मोठ्याने वाचावी. बारा वर्षांच्या मुलांना यहोयाकीमाचे वय मोजायला लावावे. मोठ्यांच्या वर्गात विचारावे : शाफानाच्या घराण्यातील कोण कोण यिर्मयाच्या पुस्तकात येतात, आणि त्यांनी काय केले? (२६:२४; ३६:१०-१३; ३९:१४ पाहा.) उत्तर शोधायला घरी आठवडाभर वेळ द्यावा.