छताला सुटलेला घाम

लातूर भागातल्या एका तेलगिरणीत मी देखभालीचं काम पाहतो. सोयाबीनचे आमचे सायलो जस्त चढवलेल्या पन्हाळी पत्र्याचे. एका पावसाळ्यात धान्याचा वरचा थर ओला लागला. मी घाईने माणसं चढवली आणि बोल्ट, जोड, सगळीकडे डांबर फासून घेतलं. दोन व्हेंटच्या जाळ्याही त्यात बुजल्या. मला ते चांगलंच वाटलं.

डिसेंबरात वरचं झाकण उघडलं तर आंबूस वास, धान्यावर बुरशीची खपली. पाऊस थांबून दोन महिने झाले होते. पाणी बाहेरचं नव्हतंच. कोमट धान्यातली दमट हवा वर चढते, रात्री गार पडलेल्या पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते खाली टपकतात. तिची बाहेरची वाट मीच बंद केली होती. उरलेले व्हेंट मोकळे होते म्हणून निदान छत तरी वाचलं. सगळेच बुजले तर धान्य खालून काढताना छत आत दबतं आणि हवेचे पंखे लावले की वर उचललं जातं.

म्हणून छताला हात लावण्याआधी ओल कधी आणि कुठे दिसते ते पाहा. पावसानंतर ठरावीक जोडाखालीच असेल तर गळती. कोरड्या थंडीत पहाटे सगळं छत आतून ओलं असेल तर घाम. घामावर लेपाचा इलाज नाही. सोयाबीन 12 टक्क्यांच्या आत वाळवून भरा, पंख्यांनी गार करा.

गळतीला डांबर नकोच. उन्हाने पत्रा 40 अंशांनी जास्त तापला तर 6 मीटर लांबीत जवळपास 3 मिलिमीटर वाढतो. म्हातारं झालेलं डांबर एवढं ताणलं जात नाही, तडकतं, आणि त्या चिरेत पाणी बसून पत्रा गंजतो. आम्ही ते खरवडून काढलं. बोल्टखालचे कडक झालेले रबरी वॉशर बदलले, जोडात ब्युटाइल टेप घातली, गंज घासून जस्ताचा प्रायमर आणि वर लवचीक पॉलियुरेथेनचा लेप दिला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र वापरू नका, त्यातलं आम्ल जस्त खातं.

त्या डिसेंबरात आमचा एक पोरगा खपली फोडायला फावडं घेऊन आत उतरू लागला होता. खालून धान्य काढणं चालूच होतं. खपलीखाली, फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्याखाली असते तशी पोकळी. मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. मग धान्य काढणारी मोटार बंद केली आणि दोघंही बराच वेळ शिडीवर बसून राहिलो.