नकाशा-धाव : एक सांघिक खेळ
(इयत्ता चौथी व पुढील वर्गांसाठी)

भिंतीवरील नकाशात आपला जिल्हा अचूक दाखविणारे मूल पुष्कळ शाळांत आढळते. परंतु त्यालाच ‘उत्तर दिशा कोणती?’ असे विचारले, तर त्याचे बोट छताकडे जाते. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे त्याला पाठ असते. ती उत्तर गावाच्या कोणत्या अंगास आहे, हे उमगलेले नसते. हे अंतर भरून काढण्यास पुढील खेळ फार उपयोगी पडतो.

खेळाचा परिचय

नकाशा व होकायंत्र घेऊन नेमलेली ठिकाणे शोधीत धावण्याच्या खेळास ओरिएंटीअरिंग म्हणतात. त्याचा उगम स्वीडन व नॉर्वे या देशांतील सैनिकी शिक्षणात आहे. १९१९ साली एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्याने स्टॉकहोमच्या दक्षिणेस मोठी स्पर्धा भरविली. तीत दोनशेहून अधिक जण धावले. पुढे हा खेळ स्वीडनच्या शालेय अभ्यासक्रमात आला. १९६१ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

याचाच एक सांघिक प्रकार ऑस्ट्रेलियात १९७६ पासून ‘रोगेन’ या नावाने रूढ झाला. दोन ते पाच जणांच्या संघाने ठराविक वेळात जास्तीत जास्त गुणांची ठाणी गाठावयाची, हा त्याचा गाभा. मोठ्या स्पर्धा चोवीस तास चालतात. शहरांतील उद्यानांत थोड्या तासांच्याही होतात. त्यातील एक नियम शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा : संघातील सर्वांनी परस्परांच्या हाकेच्या अंतरात राहावयाचे असते. एकट्याने पुढे पळून ठाणे गाठले, तर ते मोजले जात नाही.

पूर्वतयारी

शाळेचे मैदान, गावालगतची आमराई किंवा तालुक्याच्या गावचे उद्यान यांपैकी एक जागा निवडावी. मुलांकडूनच दोरीने अंतरे मोजवून नकाशा काढवावा. एक सेंटिमीटरास दहा मीटर असे प्रमाण धरल्यास २०० मीटर लांब व १५० मीटर रुंद जागा २० × १५ सेंटिमीटरांच्या कागदावर बसते. झाडे, पायवाटा, पार, पाण्याची टाकी यांस खुणा ठरवून सूची द्यावी व उत्तरेचा बाण काढावा.

दहा ठाणी निवडून तेथे पुठ्ठ्याची एकेक पाटी बांधावी. पाटीवर एक अक्षर असावे. संघाने ते आपल्या पत्रिकेवर उतरून घेतले, की तेथे गेल्याचा पुरावा मिळतो. जवळच्या ठाण्यास १०, मधल्यास २० व दूरच्यास ३० गुण द्यावेत.

खेळाची रीत

चार-चार मुलांचे संघ करावेत व प्रत्येक संघात चपळ आणि सावकाश अशी दोन्ही प्रकारची मुले असावीत. नकाशा दिल्यावर पाच मिनिटे बसून मार्ग ठरवू द्यावा. नंतर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने संघ सोडावेत. प्रत्येकास तीस मिनिटे मिळतील. उशिराच्या दर मिनिटास १० गुण वजा होतील.

धावताना नकाशा नेहमी जमिनीशी जुळवून धरावा. नकाशातील पार ज्या बाजूस आहे, ती बाजू खऱ्या पाराकडे यावी. मुलाने तोंड फिरविले, तरी नकाशा जागचाच राहिला पाहिजे. आपण जेथे आहोत तेथे अंगठा ठेवावा. होकायंत्र नसेल, तर सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड केल्यास डावा हात सुमारे उत्तरेकडे येतो.

वेग आणि विचार

समजा, सहा मिनिटे उरली आहेत. ३० गुणांचे ठाणे गाठून प्रारंभस्थानी यावयास ८०० मीटर पडतात. १० गुणांची तीन ठाणी घेऊन येणारी फेरी ५०० मीटरांची आहे. संघातील सर्वांत सावकाश मूल मिनिटास १०० मीटर जाते. पहिल्या मार्गाने दोन मिनिटे उशीर होऊन ३० पैकी १० गुणच पदरात पडतील. दुसऱ्याने पूर्ण ३० मिळून एक मिनिट वाचेल.

या हिशेबात सर्वांत चपळ मुलाचा वेग कोठेच येत नाही. मागे पडणाऱ्याच्या पायांनीच संघ चालतो, हे मुलांस उपदेशाने नव्हे, तर गणिताने पटते. पुष्कळदा हेच सावकाश मूल नकाशा नीट वाचते. नेहमीच्या शर्यतीत ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याच्यावाचून येथे संघाचे पाऊल पुढे पडत नाही.

दक्षता

विहीर, तळे, रस्ता यांजवळ ठाणे ठेवू नये. हद्द आधी चालून दाखवावी. वाट चुकल्यास शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी परत यावे, असे बजावावे. शिट्टीचे तीन आवाज होताच सर्वांनी परतावे. प्रत्येक संघाची निघताना व येताना शिरगणती करावी.

शेवटी प्रत्येक संघाकडून आपला मार्ग नकाशावर रेखवून घ्यावा आणि कोठे चुकलो, का चुकलो, हे वर्गापुढे सांगावयास लावावे. दिशा, प्रमाण व खुणा यांचा पाठ त्या चर्चेतच पुरा होतो.