मिलिंदाचे प्रश्न मुलांना कसे शिकवावेत?



आपल्या वस्तीत मिलिंद नावाची मुले किती आहेत ते एकदा मोजून पाहा. नागसेन नावाचेही दोन-चार सापडतील. नावे आपण मोठ्या हौसेने ठेवली. पण त्या मुलाला विचारा, "बाळ, मिलिंद कोण होता?" बहुतेक मुले गप्प राहतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या ग्रंथातून हे नाव आले तो 'मिलिंदपञ्ह' अजून आपल्या घरांत पोचलेला नाही. पोचला आहे तेथेही तो "आपल्याला कळायचा नाही" म्हणून फळीवर ठेवलेला असतो. असा ग्रंथ शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना कसा समजावून द्यावा, याचा आज विचार करू.

ग्रंथाची ओळख

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात भारताच्या वायव्य भागात त्याचे राज्य होते. त्याची राजधानी सागल. आज पाकिस्तानात असलेले सियालकोट ते हेच, असे मानतात. या राजाने भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारले आणि नागसेनांनी उत्तरे दिली, अशी ग्रंथाची मांडणी आहे. ग्रंथ पाली भाषेत आहे. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, त्याला तिपिटकात स्थान आहे. श्रीलंकेत तो तिपिटकाबाहेरचा, तरी फार मानाचा ग्रंथ आहे. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1890 आणि 1894 साली दोन भागांत प्रसिद्ध झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, आणि त्याचा परिसर नागसेनवन. ज्यांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, त्यांची मुले प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाच्या महाविद्यालयात शिकून बाहेर पडली. या नावाचे मोल आपण ओळखले पाहिजे.

आधी बोलण्याचा नियम

मुलांना शिकवताना पहिल्याच दिवशी आत्मा-अनात्मा काढू नका. ग्रंथात चर्चेचा एक नियम आला आहे, तेथून सुरुवात करा. नागसेन राजाला विचारतात की, आपण पंडितांसारखी चर्चा करणार की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत एकजण दुसऱ्याचे म्हणणे खोडतो, चूक दाखवतो, तरी कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक गोष्ट मांडतो आणि जो ती मानणार नाही त्याला शिक्षा होते. मिलिंद राजा असूनही पंडितांची रीत पत्करतो.

आता आपल्या घराकडे पाहा. मुलगी काही विचारते आणि आपण म्हणतो, "गप्प बस, मोठ्यांना उलटे बोलू नये." ही राजांची रीत झाली. ग्रंथ वाचताना तरी ती दाराबाहेर ठेवा. ग्रंथ समोर असेल तेवढा वेळ घरातले लहानातले लहान मूलही मिलिंद आहे असे समजा.

रथाऐवजी सायकल

ग्रंथातला सर्वांत प्रसिद्ध दाखला रथाचा आहे. नागसेन म्हणतात, 'नागसेन' हे केवळ बोलण्यापुरते नाव आहे. त्या नावामागे वेगळी कायम टिकणारी व्यक्ती सापडत नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन विचारतात, आपण येथे कसे आलात? राजा म्हणतो, रथातून. मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी, जू यांपैकी कोणते रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सर्व भाग एकत्र आले म्हणजे त्यांना 'रथ' हे नाव मिळते, हे शेवटी तो स्वतःच सांगतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आता शाळेत शिकवताना माझा अनुभव असा की, आजच्या मुलाने रथ फक्त चित्रात पाहिलेला असतो. त्याच्यापुढे सायकल उभी करा. चाक सायकल आहे का? हँडल? सीट? चेन? पुरे खोलून भाग अंगणात मांडले तर सायकल कोठे गेली? ती आकाशात उडून गेली काय? मुले हसतील, आणि हसता हसता दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने जे जाणले ते जाणतील.

दाखला बदला, प्रश्न मात्र बदलू नका. पुष्कळ जण सोपे करण्याच्या नादात प्रश्नच गाळतात आणि "बुद्धांनी आत्मा नाकारला" हे एक वाक्य पाठ करून घेतात. पाठ केलेले वाक्य परीक्षेपुरते टिकते. स्वतः शोधलेले उत्तर जन्मभर पुरते.

"मग मी नाहीच का?"

हुशार मूल लगेच हे विचारील. आणि त्यापुढचे विचारील, "मी नाही तर चोरी केली म्हणून शिक्षा कोणाला?" येथे आंब्याचा दाखला सांगा. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, "मालकाने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मी कसला चोर?" राजालाच हा बचाव पटत नाही. लावलेल्या आंब्यातूनच तोडलेले आंबे आले. तसेच कालच्या कृतीतून आजचे फळ येते. कायम टिकणारा आत्मा मानला नाही, तरी केलेल्या कृत्याची जबाबदारी सुटत नाही. सायकलच्या पाठाला हा पाठ जोडलाच पाहिजे, नाहीतर मूल अर्धेच शिकेल.

कविता शिकण्याचा दाखला तर विद्यार्थ्यांना फारच जवळचा आहे. गुरुजींकडून मूल कविता शिकते. कविता मुलाच्या मुखी आली, म्हणून गुरुजींच्या मुखातून ती निघून गेली का? एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, तेव्हा पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जाते का? काहीही एका ठिकाणाहून दुसरीकडे न जाता पुढचे मागच्यातून घडते.

हे केवळ पंडितांचे कोडे नाही. घरात कोणी वारले की आजी विचारते, "दहाव्याला पिंड ठेवला नाही, कावळा शिवला नाही, तर त्यांचा आत्मा भटकेल ना?" 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आजीवर ओरडून ती प्रतिज्ञा पाळता येईल, पण आजीचे भय जाणार नाही. तिच्याजवळ बसा. दिव्याने दिवा लावून दाखवा. भटकायला कोणी उरतच नाही, आणि गेलेल्या माणसाने शिकवलेले चांगले मात्र आपल्यात उरते, हे तिला शांतपणे सांगा.

अवघड पान लपवू नका

या ग्रंथात एक जागा अशी आहे की तेथे आपण अडखळतो. राजा विचारतो, सगळी माणसे सारखी का नसतात? कोणी अल्पायुषी, कोणी दीर्घायुषी, कोणी गरीब, कोणी श्रीमंत, कोणी हीन कुळातले, कोणी उच्च कुळातले, असे का? नागसेन झाडांच्या वेगवेगळ्या बियांचा दाखला देतात आणि हा भेद कर्मामुळे होतो असे सांगतात.

आपल्या पूर्वजांना हेच ऐकवले गेले होते की, मागच्या जन्मीचे पाप म्हणून हा जन्म! मग आपल्याच ग्रंथातले हे पान फाडून टाकावे काय? किंवा मुलांपासून लपवावे काय? दोन्ही नको. कॉलेजात गेल्यावर मूल ते वाचीलच, आणि आपण लपवले हेही त्याला कळेल.

पान उघडा आणि पंडितांची रीत नागसेनांनाही लावा. कृतीचे फळ मिळते, हे एक. कुळाची उच्चनीचता हे मागच्या जन्माचे फळ आहे, हे अगदी दुसरे. उच्च आणि नीच कुळे बियांसारखी उगवत नाहीत. ती माणसांनी ठरवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा असा सिद्धांत बुद्धांच्या शिकवणीशी विसंगत ठरवला आहे. बुद्धांच्या नावावर सांगितलेली गोष्ट कशी पारखावी, हेही त्यांनी त्याच ग्रंथात दाखवले आहे. जे बुद्धीला पटते आणि माणसाच्या कल्याणाचे आहे, ते घ्यावे. प्राचीन म्हणून पूज्य असे मानणे आपण 1956 साली सोडले. ते बौद्ध ग्रंथाच्या दाराने परत घरात घेऊ नये. आदर ठेवूनही असहमत होता येते, हे मुलाला या पानावर शिकता येईल.

घरी वाचण्याची रीत

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. एका वेळी एकच प्रश्न वाचा. ग्रंथाच्या सुरुवातीचे प्रश्न लहान आहेत, ते मुलांना झेपतात; पुढचे 'मेंडकपञ्ह' नावाचे दुहेरी पेचाचे प्रश्न मोठ्यांसाठी ठेवा. वाचता येते त्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकून आपल्या शब्दांत परत सांगावे; अनेकदा आईच्या बोलीत तो अर्थ अधिक स्वच्छ उतरतो. बुद्धवचन लोकांनी आपापल्या भाषेत शिकावे, अशी अनुज्ञा भगवंतांनीच दिल्याचे विनयपिटकात नमूद आहे. शेवटी मुलाला एक प्रश्न विचारू द्या. उत्तर आले नाही तर तो वहीत लिहून ठेवा आणि विहारात विचारा.

स्वाध्याय

1. पंडितांची चर्चा आणि राजांची चर्चा यांतला फरक आपल्या घरातील एक उदाहरण देऊन सांगा.
2. सायकलऐवजी शाळा, घर किंवा गाव घेऊन रथाचा दाखला पुन्हा मांडा.
3. आंबे चोरणाऱ्याचा बचाव का टिकत नाही?
4. बियांचा दाखला माणसांच्या कुळांना का लागू पडत नाही? नागसेनांना आपण काय विचाराल ते पाच ओळींत लिहा.

जय भीम.