'छान' म्हणून सुटता येत नाही

भाची: मावशी, क्रोशाच्या वर्गातल्या एका काकूंनी रुमाल दाखवला. चौकोनी म्हणून सुरू केलेला, वर जाता जाता निमुळता होऊन पार त्रिकोण. मी आपलं "छान झालाय हं" म्हटलं. तर म्हणाल्या, "उगीच काहीतरी बोलू नकोस."

मावशी: बरोबरच आहे. डोळे त्यांनाही आहेत. तू खांब मोजलेस का?

भाची: नाही.

मावशी: आधी मोजायचं, मग बोलायचं. न बघता केलेलं कौतुक लगेच कळतं. रुमाल निमुळता होतोय म्हणजे दर ओळीला एक खांब गळतोय, आणि बहुतेक वेळा तो शेवटचा असतो. वळताना घातलेल्या 3 साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी असतात. परत येताना त्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा. पण त्या साखळ्या खांबासारख्या दिसतच नाहीत, म्हणून नवशिक्याची नजर त्यांच्यावरून घसरते.

भाची: म्हणजे चूक एकच, पण प्रत्येक ओळीत.

मावशी: आणि अगदी नेमाने केलेली! तेच सांगायचं त्यांना. "फक्त कडेचा एक सुटतोय, बाकी सगळे खांब जागेवर आहेत." यात खोटं काही नाही. मग त्या वरच्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून दे, खूण म्हणून.

भाची: हे कौतुक झालं की तपासणी?

मावशी: दोन्ही. नुसतं "हात छान आहे" ऐकून बाईनं घरी जाऊन करायचं काय? "या ओळीतले खांब एका उंचीचे आलेत" म्हटलं, की तेव्हा दोरा बोटावर कसा घेतला होता ते ती आठवून बघते.

भाची: पण "तुमच्या हातातच कला आहे" म्हटलं की माणूस खुलतो गं.

मावशी: खुलतो, आणि पुढच्या वेळी बिघडलं की लपवतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काही मुलांना हुशार म्हटलं, काहींच्या मेहनतीचं कौतुक केलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ती न सुटल्यावर हुशार म्हटलेली मुलं जास्त खचली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. मुलांचं मोठ्यांना जसंच्या तसं लावू नये, पण लपवाछपवी मी वर्गात पाहिली आहे. उसवून उसवून दोरा पिंजून जातो, तरी दाखवायला आणत नाहीत.

भाची: मग मेहनतीचं कौतुक करू?

मावशी: नुसतं तेही नको. भलत्याच जागी खपणाऱ्याला "वा, मेहनत!" म्हणणं ही थट्टाच.

भाची: आणि एकाच कामात चार चुका असल्या तर?

मावशी: पुढच्या फेरीला नडेल ती सांग. खांबांचा गोल 12 खांबांनी सुरू केला तर पुढे 24, मग 36. दर फेरीला 12 वाढतात. कमी वाढवले तर त्याची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. गाठ वर दिसतेय, एखाद्या टाक्यात दोरा चिरलाय, हे आज बोलू नकोस. वाटी मात्र तिसऱ्या फेरीलाच सांग. दहाव्या फेरीला सांगितलीस तर उसवताना त्यांचं अवसानच जाईल.

भाची: "उसवा" म्हणणंच जिवावर येतं.

मावशी: मग म्हणू नकोस, त्यांच्याकडून काढून घे. "कुठे अडलं?" असं विचारलं की बहुतेक जणी नेमकी जागा दाखवतात. आणि त्यांची सुई स्वतः हातात घेऊन भराभर दुरुस्त करून देऊ नकोस. काम सुबक होतं, पण ते तुझं होतं. तू शेजारी दुसऱ्या दोऱ्यावर करून दाखव. कुणी डावखुरी असली तर तिच्या समोर बस, म्हणजे तिला आरशातल्यासारखं दिसेल.

भाची: आणि वाटी झालीच, तर उसवलंच पाहिजे का?

मावशी: छे! बाळाची टोपी तशीच तर होते. गोल हवा तेवढा झाला की वाढवणं थांबवायचं, कड आपोआप खाली वळते. उसवायचं की टोपी करायची, हे मात्र त्यांना ठरवू दे.

भाची: आणि घरात बाळच नसलं तर?

मावशी: सोसायटीत कुणाकडे तरी असेलच की.