माशाचें वय कसें ओळखावें?

बैलाचें वय आपण दांतांवरून ओळखतों, झाडाचें खोडांतील वलयांवरून. मग माशाचें कशावरून ओळखावें? माशाच्या डोक्यांत, कानाच्या जागीं, चुन्याचे बारीक खडे असतात. मासा वाढतो तसतसे त्यांवर थर चढत जातात. खडा घांसून सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला म्हणजे हे थर दिसतात. थंड समुद्रांत हिंवाळ्यांत वाढ मंदावते, म्हणून वर्षावर्षाचीं वलयें ठळक उमटतात. आपल्या उष्ण समुद्रांत तीं बहुधा पुसट असतात; यास्तव येथें दर महिन्यास शेंकडों माशांची लांबी मोजून, एकाच हंगामांत जन्मलेली पिढी कशी वाढते हें पाहतात.

या विद्येचा आम्हां पालघर-तारापूरकडील लोकांशीं काय संबंध? सातपाटीचें पापलेटच घ्या. डोल जाळ्याच्या बारीक खोळींत पापलेटाचीं पिल्लेंहि सांपडतात. टोपलींत मोठीं पापलेटें कमी होऊन लहानच अधिक दिसूं लागलीं, तर समजावें कीं मासे वयांत येण्यापूर्वींच धरले जात आहेत. ज्या मादीनें एकदांहि अंडीं घातलीं नाहींत, तिचा वंश कोठून राहणार? म्हणूनच ज्या २०२३ सालीं पापलेट हा राज्यमासा ठरला, त्याच सालीं सरकारनें त्याची किमान लांबी १३५ मिलीमीटर ठरविली. त्याहून लहान धरूं नये.

बियाणेंच दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास पुढच्या वर्षीं पीक कोठचें? विद्यार्थ्यांनो, बाजारांत जातांना खिशांत पट्टी ठेवा. आणि पालकांस आमची विनंती कीं, स्वस्त मिळालें तरी पिल्लूं घेऊं नये.